जो दारात येऊन विचारतो, त्यालाच नियम

‘विषयाला मळमळ वाटल्यास त्याने त्वरित अन्वेषकाशी संपर्क साधावा.’

हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ ‘विषय’ म्हणजे काय, याचा शोध घेत होतो. भूगोलाला मळमळ कशी होईल? शेवटी शेजारी बसलेल्या फार्माकॉलॉजीच्या मॅडमनी इंग्रजी मसुदा पुढे सरकवला. तिथे ‘सब्जेक्ट’ होता. भाषांतर करणाऱ्याने शब्दकोश उघडून जो पहिला अर्थ दिसला तो उचलला होता, आणि ज्या माणसावर औषधाचा प्रयोग होणार त्याचा अकरा पानभर ‘विषय’ करून टाकला होता.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. पुण्यातल्या एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर गेली काही वर्षं ‘सामान्य व्यक्ती’ म्हणून बसतो. हे माझं नम्रपणे केलेलं वर्णन नाही, ते अधिकृत पद आहे. माणसांवर किंवा माणसांच्या माहितीवर होणारं आरोग्यविषयक संशोधन तपासणाऱ्या समितीत किमान सात सदस्य लागतात, त्यातले निदान निम्मे संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचा. डॉक्टर, कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा माणूस, यांच्याबरोबर वैद्यकीशी संबंध नसलेला एक साधा माणूसही हवाच. आयुष्यभर सामान्यच होतो, पण त्याचं लेखी नेमणूकपत्र साठीनंतर हातात पडलं.

माझं मुख्य काम मराठी कन्सेंट फॉर्म, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्याची संमती घेण्याचे कागद, वाचणं. त्यातून मला जे दिसलं, त्याच्या आधारावर सध्या संशोधनावर येणाऱ्या नव्या नियमांविषयी काही म्हणायचं आहे. ते म्हणणं बहुतेक डॉक्टरांच्या तक्रारीपेक्षा वेगळं आहे. त्यांना वाटतं, नियम फार झाले. मला वाटतं, नियम चुकीच्या दारावर जाऊन बसले आहेत.

आधी फॉर्मचीच गोष्ट पुरी करतो, कारण तिच्यात बरंच आहे. मराठी फॉर्म बरोबर आहे की नाही हे ठरवायची एक सर्वमान्य पद्धत आहे. इंग्रजीचं मराठी एकाने करायचं, त्या मराठीचं परत इंग्रजी दुसऱ्याने करायचं, आणि दोन्ही इंग्रजी जुळले की प्रमाणपत्र जोडायचं. ऐकायला चोख वाटतं. प्रत्यक्षात मराठी जितकं शब्दाला शब्द ठेवून केलेलं, म्हणजे जितकं वाईट, तितकं परत आलेलं इंग्रजी मूळाशी तंतोतंत जुळतं. ‘यादृच्छिकीकरण’ लिहा, उलट भाषांतरात ‘रँडमायझेशन’ सुखरूप परत येतं. त्याऐवजी कुणी ‘भिशीत जशी चिठ्ठी निघते, तसंच तुम्हाला कोणती गोळी मिळणार हे ठरेल, ते डॉक्टरांच्या हातात नाही’ असं लिहिलं, तर उलट इंग्रजीत भिशी येते आणि फॉर्म नापास होतो. मी हे दोनदा पाहिलं आहे. प्रमाणपत्र त्या भाषांतराला मिळतं जे कुणालाच कळत नाही.

आणखी एक वाक्य जवळजवळ प्रत्येक फॉर्ममध्ये असतं: ‘आपण कोणत्याही दंडाशिवाय केव्हाही माघार घेऊ शकता.’ इंग्रजीत ‘पेनल्टी’चा अर्थ इथे नुकसान, तोटा असा सैल आहे. मराठीत दंड म्हणजे पावती फाडणं. आमच्याकडे घरकाम करणाऱ्या मावशींना मी एकदा हा फॉर्म वाचून दाखवला. समितीच्या कामातला नव्हे, एक जुना रद्द झालेला नमुना. त्या म्हणाल्या, “म्हणजे दंड असतो व्हय? मग नकोच काका, आधीच सांगून टाका.” दंड नाही असं सांगणाऱ्या वाक्यानेच त्यांच्या मनात दंड आणला. पुढे सहीची जागा आली तेव्हा त्यांनी विचारलं, “अंगठा कशाला? जमीन लिहून घेताय का?” कागदावर अंगठा उठवण्याचा आपल्या समाजातला अनुभव सावकार, तलाठी आणि कर्जाचा हप्ता यांच्याकडून आलेला आहे. त्या अंगठ्याला संशोधनाच्या जगात ‘स्वेच्छेने दिलेली माहितीपूर्ण संमती’ म्हणतात.

तर आता नियमांकडे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, राष्ट्रीय नीतितत्त्वं २०१७ साली सुधारून आली. २०१९ च्या नव्या औषध आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनी त्यांना कायद्याचं बळ दिलं. आरोग्यविषयक कोणतंही संशोधन तपासणाऱ्या समितीची सरकारकडे नोंदणी सक्तीची झाली. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. त्यातले बरेचसे अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायचे आहेत. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. हा आकडा ऐकल्यापासून संस्थांमध्ये धावपळ आहे. रोज नवा नमुना, नवी कार्यपद्धती, नवं प्रशिक्षण, आणि प्रत्येक प्रशिक्षणाच्या शेवटी दहा प्रश्नांची चाचणी आणि छापील प्रमाणपत्र.

ही धावपळ मी वाईट म्हणणार नाही. नियम का आले ते आठवणारे लोक अजून हयात आहेत. २००९ साली आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस टोचण्याचा प्रकल्प सुरू झाला. २०१० मध्ये तो थांबवावा लागला. पुढे संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात आंध्रातले संमतीचे फॉर्म मोजले: ९,५४३ फॉर्मपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या आणि १,९४८ वर अंगठे. आदिवासी मुली वसतिगृहात, आईबाप दूर गावात, आणि मुलीच्या अंगावर सुई टोचायची परवानगी दिली ती वॉर्डनने.

या उदाहरणात सगळे थांबतात ते ‘बघा, नियम नव्हते’ इथे. मला त्यातलं दुसरंच काही टोचतं. फॉर्म होते. नऊ हजारांवर फॉर्म होते, भरलेले, सह्या केलेले, नीट गठ्ठे बांधून ठेवलेले. संमती नव्हती, कागद मात्र होता. तेव्हा कागद वाढवून या रोगावर उपाय होईल असं मानणं म्हणजे ज्या औषधाची ॲलर्जी आली त्याचाच डोस दुप्पट करणं. आणि आज आपण नेमकं तेच करतो आहोत. चार पानी फॉर्म अकरा पानी झाला. त्या वाढलेल्या सात पानांपैकी किती भाग सहभागी माणसासाठी आहे आणि किती उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर संस्थेसाठी, हे कुठल्याही वकिलाला विचारा. आमच्या समितीतल्या वकीलसाहेबांना मी विचारलं होतं. ते हसले आणि चहाचा कप उचलला.

आता मुद्द्याच्या गाभ्याशी येतो.

माझ्या ओळखीतली एक मुलगी पुण्यातल्या एका विद्यापीठात समाजशास्त्रात पीएच.डी. करते. तिला कचरावेचक बायकांच्या पाठीच्या, गुडघ्यांच्या दुखण्याविषयी आणि त्या दुखण्यात घर कसं चालतं याविषयी तीस जणींच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. दुखणं आलं म्हणजे आरोग्य आलं, म्हणजे एथिक्स कमिटी आली. प्रस्ताव, माहितीपत्रक, दोन भाषांतली संमतिपत्रं, उलट भाषांतराचं प्रमाणपत्र, मुलाखत देणारीला रडू आलं तर समुपदेशकाची सोय, रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, किल्ली कुणाकडे, किती वर्षांनी नष्ट करणार. सगळे प्रश्न रास्त आहेत, मी स्वतः तेच विचारले असते. पण समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा, पहिल्यांदा दुरुस्त्या, दुसऱ्यांदा अध्यक्ष परदेशी. पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत तिची फेलोशिप चालू होती आणि ती घरी बसून संदर्भग्रंथ वाचत होती.

त्याच काळात बाणेर, बालेवाडी, खराडीकडच्या शेकडो सोसायट्यांच्या गेटवर काय चाललं होतं? त्याच वर्गातल्या बायका कामाला येताना मोबाइल ॲपमध्ये नोंदवल्या जात होत्या. फोटो, फोन नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, किती घरी काम, कोणत्या घराने किती तारे दिले. रोज, वर्षानुवर्षं, न चुकता. कुणाही पीएच.डी.वाल्याच्या स्वप्नातही येणार नाही इतकी बारीक माहिती. त्या बाईला ना माहितीपत्रक, ना माघारीचा हक्क. माघार घेतली तर गेट उघडत नाही.

उद्या अशी एखादी कंपनी म्हणाली की ही माहिती आम्ही ‘संशोधना’साठी वापरतो, शहरातल्या घरकामगारांच्या कामाच्या सवयींचा अभ्यास करतो, तर तिला काय करावं लागेल? माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १७ मध्ये संशोधन, अभिलेख जतन आणि सांख्यिकी यांना सूट आहे. अटी दोन. त्या माहितीवरून कुणा एका माणसाविषयी विशिष्ट निर्णय घ्यायचा नाही, आणि नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीतली मानकं पाळायची. ती मानकं वाचली तर दिसतं: कायदेशीर मार्गाने वापरा, हवी तेवढीच घ्या, अचूक ठेवा, काम संपेपर्यंतच ठेवा, सुरक्षित ठेवा, जबाबदारी कुणाची ते ठरवा. चांगलीच आहेत. पण त्यात एथिक्स कमिटी नाही. बाहेरच्या कुणी येऊन ‘हे कशासाठी?’ असं विचारण्याची सोय नाही. आणि ‘संशोधन’ म्हणजे काय, याची व्याख्या या कायद्यात नाहीच. विद्यापीठात केलं तर संशोधन, की कंपनीच्या मार्केटिंग विभागात केलं तरी? कायदा गप्प आहे. आरोग्याचा विषय नसेल तर आयसीएमआरची तत्त्वंही आड येत नाहीत.

कुणी म्हणेल, मग त्या मुलीलाही याच कायद्याची सूट आहे. आहेच. पण तिच्या मागे विद्यापीठ आहे, गाईड आहे, लेख छापण्याआधी मंजुरीचा क्रमांक मागणारं जर्नल आहे. कंपनीला जर्नलमध्ये छापायचंच नसतं. त्यामुळे झालं आहे ते असं की जो माणूस दारात जाऊन, नाव सांगून, ‘बाई, बोलाल का माझ्याशी?’ असं विचारतो त्याच्यासाठी अकरा पानं. आणि जो न विचारता माहिती उचलून घेऊन जातो त्याच्यासाठी एक कलम, तेही सूट देणारं.

हे भारतातच घडतं असं नाही. २०१४ साली फेसबुकने प्रसिद्ध केलेला एक प्रयोग गाजला होता. ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या न्यूजफीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट आठवडाभर कमी करून, त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यातला भाव बदलतो का, हे पाहिलं होतं. त्यात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे संशोधक सामील होते. विद्यापीठाच्या समितीने म्हटलं, प्रयोग कंपनीने स्वतःच्या कामासाठी आधीच केला आहे, तेव्हा तो आमच्या तपासणीत येत नाही. सात लाखांच्या आसपास माणसं, आणि एकालाही विचारलेलं नाही. त्याच विद्यापीठातल्या कुणाला वीस विद्यार्थ्यांना वर्गात बसवून दुःखी गोष्ट वाचायला द्यायची असती, तर समितीची पायरी चढावी लागली असती.

यातून एक विपरीत गोष्ट घडते आणि ती मला पुण्यातल्या तरुण संशोधकांमध्ये प्रत्यक्ष दिसते. ते माणसांपासून लांब पळू लागले आहेत. ‘काका, फील्डवर्क नको, सेकंडरी डेटा बरा,’ असं सरळ सांगतात. कुणीतरी आधीच गोळा केलेली माहिती घ्या, नावं काढलेली आहेत असं म्हणा, समितीकडून सूट घ्या, सहा महिन्यांत पेपर. नियम माणसाच्या सन्मानासाठी केले, आणि त्यांचा परिणाम असा की माणसाला भेटणं हीच संशोधनातली सर्वांत महाग, सर्वांत कटकटीची गोष्ट झाली.

पुण्याला हे जास्त लागावं, कारण या शहराची संशोधनाची परंपराच दारोदार जाण्याची आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली, तिचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. डेक्कन कॉलेजात इरावतीबाई कर्वे महाराष्ट्रभर हिंडून माणसं मोजत होत्या, त्यांच्याशी बोलत होत्या. त्या काळी संमतिपत्रं नव्हती म्हणून सगळं गोड होतं, असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. सदाशिव पेठेतल्या पदवीधराने वहीपेन्सिल घेऊन एखाद्या वस्तीत जाऊन ‘घरात खाणारी तोंडं किती?’ असं विचारलं, तर ‘सांगत नाही जा’ म्हणण्याची हिंमत किती जणांना झाली असेल? पण विचारणारा समोर उभा तरी होता. त्याचा चेहरा दिसत होता, त्याला उलट प्रश्न करता येत होता, अगदी वाईट म्हणजे दार लावून घेता येत होतं.

नवा कायदा याहूनही एका बाबतीत कमी पडतो. तो एकेकट्या माणसाची काळजी करतो, आणि आपल्याकडे इजा बहुतेकदा गटाला होते. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवून त्यांच्या याद्या केल्या, हजेऱ्या लावल्या, पुढे सोलापुरात तारेच्या कुंपणात वस्ती वसवली. १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या, तरी आजही चोरी झाली की पोलीस आधी त्यांच्याच पालांवर जातात. त्यात एकाही माणसाची वैयक्तिक माहिती ‘फुटली’ नव्हती. यादी हीच जखम होती. आज एखाद्या अभ्यासाने म्हटलं की अमुक पिनकोडमधल्या बायका नोकरी लवकर सोडतात, तर कुणा एकीविषयी निर्णय झाला नाही, कायदा मोडला नाही. फक्त त्या पिनकोडवरून आलेल्या सगळ्याच बायकांना उद्या काम मिळणं कठीण होईल.

कोविडमध्ये हे आपण जवळून पाहिलं. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये पुण्यात पाच प्रभागांमध्ये १,६६४ लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडं तपासली गेली, ५१.५ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचं निघालं. फार मोलाचा अभ्यास होता, धोरणाला उपयोगी पडला, आणि तो झाला नसता तर आपण अंधारातच चाचपडत राहिलो असतो. पण प्रभागांची नावं येरवडा, कसबा, लोहियानगर अशी पेपरात छापून आली, आणि त्या दिवसांत कुठल्या वस्तीचं नाव ऐकल्यावर लोक दोन पावलं मागे सरकत होते, हे पुणेकरांना मी सांगायला नको. यावर उत्तर म्हणून नावं लपवायची का? नाही. लपवली असती तर महापालिकेने कुठे काय करायचं? पण आकडे छापण्याआधी त्या वस्तीतल्या चार माणसांना बोलावून ‘हे असं निघालं आहे, कसं सांगावं?’ असं विचारायला कोणता फॉर्म लागतो? कुठल्याच नियमात ते सक्तीचं नाही.

‘नाव काढलं की झालं’ हाही एक गैरसमजच. अमेरिकेत लटान्या स्वीनी या संशोधिकेने २००० साली दाखवून दिलं की फक्त जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून तिथले ८७ टक्के लोक ओळखता येण्याजोगे असतात. आपल्याकडे त्याचीही गरज नाही. जात आणि गाव एवढं पुरतं. ‘शिरूर तालुक्यातल्या एका गावातली, अमुक जातीची, बी.एस्सी. नर्सिंग झालेली विधवा’ असं एखाद्या प्रबंधात लिहिलं की त्या गावातलं शेंबडं पोरही नाव सांगेल. आणि हो, आधीच्या मसुद्यांमध्ये जात, आरोग्य, लैंगिकता अशा नाजूक माहितीचा वेगळा वर्ग होता. २०२३ च्या कायद्यातून तो गेला. जात आणि चपलेचा नंबर, दोन्ही आता एकाच मापाने मोजायचे.

सूटच काढून टाका असं मात्र मी म्हणत नाही. एखाद्या रुग्णालयात वीस वर्षांच्या प्रसूतीच्या फाइली पडल्या आहेत. कमी वजनाच्या बाळांचं पुढे काय झालं हे त्यातून कळू शकतं. त्या हजारो बायकांना शोधून प्रत्येकीची सही आणा म्हटलं तर तो अभ्यास होणारच नाही आणि नुकसान पुढच्या बायकांचं होईल. आयसीएमआरच्या तत्त्वांमध्येही अशा वेळी संमती माफ करण्याची तरतूद आहे. पण ती माफी समितीने द्यायची असते, कारण लिहून. संशोधकाने आपली आपण घ्यायची नसते. माझं म्हणणं एवढंच आहे: कलम १७ ची सूट ज्याला हवी, मग ते विद्यापीठ असो, सरकारी खातं असो की हिंजवडीतली कंपनी, त्याने बाहेरच्या सात माणसांसमोर यावं आणि सांगावं की हे संशोधन कसं. त्या सातांत एक ‘सामान्य व्यक्ती’ असावी. आमच्यासारखी रिकामटेकडी माणसं पुण्यात भरपूर आहेत.

आणि दारात जाणाऱ्याचं ओझं कमी करावं. तीस मुलाखती घेणाऱ्या मुलीची आणि नवं औषध टोचणाऱ्या कंपनीची फाइल एकाच जाडीची असण्याचं कारण नाही. कमी जोखमीच्या अभ्यासाला जलद तपासणीची वाट नियमांत आहे; समित्या ती वापरत नाहीत, कारण पूर्ण बैठकीत घेतलं की कुणाच्याच अंगावर काही येत नाही. फॉर्म मराठीत विचार करून मराठीतच लिहावा, इंग्रजी त्यावरून करावं. उलट भाषांतराऐवजी, ज्यांच्यासाठी तो आहे अशा तीन माणसांना वाचून दाखवावा आणि त्यांना काय कळलं ते त्यांच्याच तोंडून ऐकून, त्यांच्याच शब्दांत लिहून जोडावं. खर्च जवळजवळ शून्य. मी हे समितीत दोनदा मांडलं. कल्पना उत्तम आहे, पण कार्यपद्धतीत बसत नाही, असं ठरलं.

पैशाचीही एक गंमत सांगतो. एका अभ्यासात दिवसभर रक्त द्यायला येणाऱ्या बायकांना बुडालेल्या मजुरीपोटी पाचशे रुपये द्यायचे होते. आमच्याकडे त्यावर पाऊण तास चर्चा झाली, की पाचशे हे ‘आमिष’ ठरेल का, तीनशे करावेत का. शेवटी चारशेवर तडजोड झाली. मग आम्ही सगळ्यांनी मानधनाच्या पाकिटावर सह्या केल्या. आमचं पाकीट चारशेहून बरंच जाड होतं, आणि समोशांची बशी वेगळी.

पुण्याच्या आसपासच हे वेगळ्या तऱ्हेने झालेलं आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती बायकांच्या आहाराचा आणि बाळांच्या वाढीचा अभ्यास सुरू केला. भारतीय बाळ वजनाने हडकुळं पण चरबीने भरलेलं असतं, हे जगाला त्यातून कळलं. ती बाळं आता तिशीची झाली, आणि इतक्या वर्षांनंतरही त्यातली बहुसंख्य कुटुंबं अभ्यासात टिकून आहेत. ज्याने कुणी साधी सोसायटीची वार्षिक सभा भरवली आहे, त्याला हे किती अवघड आहे ते कळेल. लोक फॉर्मवरच्या सहीमुळे तीस वर्षं येत राहत नाहीत. तीच माणसं पुन्हा पुन्हा गावात येतात, तपासणीत काही निघालं तर सांगतात, पोराच्या नावाने हाक मारतात, म्हणून येतात. या गोष्टी कुठल्या चेकलिस्टमध्ये लिहिता येतात का, ते मला माहीत नाही. पण समितीच्या सदस्यांनी वर्षातून एकदा तरी फाइल बंद करून अशा गावी जाऊन बसावं, एवढं कार्यपद्धतीत नक्की लिहिता येईल.

पुढच्या शनिवारी आमची बैठक आहे. अजेंड्यावर अकरा प्रस्ताव आहेत. त्यातल्या सात अभ्यासांत कुणी कुणालाही भेटणार नाही. सगळं आधीच गोळा झालेल्या माहितीवर. त्या सातांपुढे सचिवांनी पेन्सिलीने ‘सूट’ असं लिहून ठेवलं आहे. मी माझ्या प्रतीवरचं ते खोडलं आहे आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला आहे: ही माहिती पहिल्यांदा कुणी, कुणाकडून, काय सांगून घेतली होती? बैठक लांबणार. समोसे यावेळी जास्त मागवायला सांगितले आहेत.